दहाव्या ओळीतलं नाव

११ जुलै

आदेश हातात पडला! प्रांतसाहेबांची सही, खाली गोल शिक्का आणि मधोमध माझं नाव: सौ. चारुलता हेमकांत पाटील, मौजे सावरपिंप्री, तालुका शहादा. पद: पोलीस पाटील. या गावात आजवर हे पद बाईकडे आलेलं नाही. लेखीत ऐंशीपैकी सदुसष्ट गुण मिळाले, तेही दोन वेळचा स्वयंपाक सांभाळून. दुसरा आलेला नवनीत एकसष्टवर अडकला. नवनीत म्हणजे हिंमतराव आबांचा मुलगा. आबा माझे चुलत सासरे, आणि सव्वीस वर्षं गावचे पोलीस पाटील. साठ पूर्ण झाली म्हणून उतरले. पद आपल्याच ओट्यावर राहील असं त्यांनी धरलं असणार. आता बसा.

ठाण्यातून एक सरकारी नोंदवही मिळाली आहे. तिच्यात भांडणं, अपघात, गावात आलेले परके इसम असं सगळं लिहायचं. मनातलं लिहायला मात्र रकाना नाही, म्हणून ही माझी वेगळी वही.

सासूबाईंना पेढा दिला. तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "पाटीलबाई व्हयनी ते व्हयनी, पन भाकरी कोन करी?"

१४ जुलै

आबांकडून जुनं दप्तर आलं. खताच्या गोणीत भरून, सुतळीने बांधून, यांच्या मोटरसायकलवर. आबा स्वतः आले नाहीत. चिठ्ठी नाही, निरोप नाही.

आबांसमोर मी डोक्यावर पदर घेते आणि बोलत नाही. तेही माझ्याशी बोलत नाहीत. काही सांगायचंच झालं तर दोघंही यांच्याकडे पाहून सांगतो, आणि हे मधल्यामध्ये टपालपेटी होतात. लग्नाला तेरा वर्षं झाली, रीत ती रीत. पण सव्वीस वर्षांचा कारभार सोपवताना तरी माणसाने दोन शब्द सांगावेत की नाही? यांना म्हटलं तर हे म्हणाले, "तूच ईचारी ले." जसं काही मी विचारू शकते!

पोराचे सहा गुण अजून घशात अडकलेत, दुसरं काय.

२ ऑगस्ट

ठाण्यात पहिली बैठक. अठ्ठावीस गावांचे पोलीस पाटील, त्यात आम्ही पाच बायका. ठाणेदार साहेब नवीनच बदलून आलेत. कडक इस्त्री, बोलणं मोजकं. मला आवडले.

म्हणाले, "गणपती येतोय. प्रत्येक गावातून दहा नावं पाहिजेत. भांडखोर, दारुडे, मिरवणुकीत गडबड करू शकतील असे. त्यांच्यावर आधीच प्रतिबंधक कारवाई करायची. तहसीलदारांसमोर उभं करायचं, चांगल्या वागणुकीचं हमीपत्र घ्यायचं, म्हणजे सण शांततेत जातो."

मागून एक म्हातारे पाटील म्हणाले, "साहेब, आमना गावमा दहा काय, दोन बी नई निंघाऊत."

साहेब म्हणाले, "मग तुम्ही गावात राहत नाही. मला जिल्ह्याला आकडा द्यायचाय, जिल्ह्याला मुंबईला. दहा म्हणजे दहा. तुम्ही ठाण्याचे डोळे आहात. डोळ्यांनी बघायचं असतं, वाद घालायचा नसतो."

सगळे हसले. त्या म्हाताऱ्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. अशा लोकांमुळेच हे पद मागे राहिलं. 'ठाण्याचे डोळे' हे शब्द मी नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

५ ऑगस्ट

आज गोणी उपसली आणि कपाळावर हात मारला. आबांनी दर वर्षी गणपतीआधी पाठवलेल्या याद्यांच्या प्रती सापडल्या. अकरा वर्षं तीच दहा नावं! अक्षर वळणदार, शाई बदलते, माणसं बदलत नाहीत.

पहिलं नाव भिका सुपडू. सासूबाईंना विचारलं, तर तो माझ्या लग्नाआधीच वारला. दुसरा वारला. तिसरा सुरतेला गेला, त्याला पंधरा वर्षं झाली. चौथ्याचं तर मी नावच ऐकलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "तो नर्मदानी परिक्रमाले ग्या, तो परत उनाच नई." असे करत करत नऊ. गावात हयात एकही नाही. आणि दहाव्या ओळीत आबांनी चुकून स्वतःचंच नाव लिहिलंय: हिंमतराव दगा पाटील. दर वर्षी, त्याच ओळीत. सही कुठे करायची हेसुद्धा या माणसाला सव्वीस वर्षांत समजलं नाही.

आणि असा कारभार चालत होता म्हणे! मागच्या साहेबांनी कधी कागद उघडून पाहिला नसेल. नवे साहेब पाहतील. माझी यादी खरी असेल.

७ ऑगस्ट

यादी पुरी झाली. अंदाजपंचे काही केलं नाही. दोन वर्षांतल्या सगळ्या भांडणांचा तक्ता केला, प्रत्येकाला गुण दिले, वरचे दहा घेतले. नावापुढे कारण, तारखेसह.

पहिल्या क्रमांकावर मीनाबाई. नळावर हंडा फेकून मारण्याचे तीन प्रसंग, तिन्ही माझ्या डोळ्यांदेखत. दुसरा नवनीत. दुधाच्या डेअरीत सचिवाची कॉलर धरली होती. (आबांचा मुलगा आहे म्हणून सोडला नाही, आबांचा मुलगा आहे म्हणून घेतलाही नाही. तक्त्यात बसला म्हणून घेतला.) मग पत्त्यांवरून भांडणारे तिघं, बांधावरून भांडणारे चौघं.

दहावं नाव रंजिता. भिलाटीतल्या, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतल्या लखनची मुलगी, बावीस वर्षांची. मे महिन्यात माझ्या धाकट्या दिराच्या हळदीत डीजे चालू असताना ही पोर तरातरा आली आणि जनरेटरची वायर उपटून निघून गेली. अडीचशे पाहुणे उभे नाचत होते, ते तसेच हात वर करून राहिले. माझ्या माहेरच्यांसमोर शोभा झाली. कारण काय, तर म्हणे दुसऱ्या दिवशी तिचा पेपर होता. मी पुढे लिहिलं: 'सार्वजनिक कार्यक्रमात जाणीवपूर्वक अडथळा आणण्याची वृत्ती.'

यात राग वगैरे काही नाही. मी कधीच विसरले होते. तक्ता केला तेव्हा आठवलं, इतकंच.

८ ऑगस्ट

साहेबांनी यादी वाचली. कारणांसकट वाचली! म्हणाले, "सगळ्यांनी अशी द्यायला पाहिजे." शेजारच्या हवालदारांना दाखवली. परतताना ब्राह्मणपुरीच्या फाट्यावर उसाचा रस घेतला, दोन ग्लास.

१९ ऑगस्ट

नोटिसा आल्या.

दहा जणांना. २६ तारखेला तहसील कार्यालयात हजर राहा, 'तुमच्याकडून शांतताभंग होण्याचा संभव असल्याने हमीपत्र का घेऊ नये याचा खुलासा करा.' शिपाई आला तो सरळ मारुतीच्या पारावर बसून नावं पुकारू लागला. दुपारपर्यंत गावभर झालं. आणि नोटिशीत शेवटी छापलेलं आहे: 'पोलीस पाटील यांच्या अहवालावरून.'

मीनाबाई हंडा घेऊनच दारात आली. "मी शांतताभंग करस? मी? कोन म्हनस? बाहेर निंघ, तुले दाखाडस शांतता!" आळीतली सगळी दारं उघडी होती, पण एकही बाई तिला आवरायला आली नाही. सासूबाईंनी हात धरून तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मला मात्र पाणीसुद्धा विचारलं नाही.

मी माझं काम केलं. खरं बोललं की माणसं चिडतातच.

२० ऑगस्ट

आज रंजिता आली. मी मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती. ती ओरडेल, मी ठणकावून सांगेन, असं. ती ओट्याच्या पायरीवर बसली, पिशवीतून प्लास्टिकच्या कव्हरमधला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

पोलीस भरतीची निवड यादी. महिला शिपाई. तिचं नाव सातवं.

मैदानी झालं, लेखी झालं, वैद्यकीय झालं. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली आहे. तो फॉर्म आमच्याच ठाण्यात येणार. त्यात विचारतात, तुमच्यावर कधी काही कारवाई झाली आहे का. २६ तारखेला हमीपत्रावर सही केली की तिला 'होय' लिहावं लागेल. आणि सातव्या क्रमांकाच्या मागे अकराशे मुली उभ्या आहेत.

"काकू, तो पेपर यानाच व्हता," ती त्या यादीवर बोट ठेवून म्हणाली. "हयदना दुसरा रोजना. मी तीन येळा सांगी धाडं, आवाज कमी करा. कोनी आयकं नई, म्हनीसन मी उनू. तुम्ही मन्हं नाव काबरं दिधं?"

मी नुसता कागद परत तिच्या हातात दिला. सदुसष्ट गुण मिळवलेली बाई मी. ती गेल्यावर तक्ता काढून पाहिला. तिच्या नावापुढे प्रसंग एकच होता. इतर बहुतेकांचे तीन-तीन. एका प्रसंगावर ती दहांत कशी आली? वर खाली दोनदा बेरीज केली. गुण मीच दिले होते. एका प्रसंगाला मी नऊ गुण दिले होते.

रागच होता. लिहून टाकते, या वहीत कोण बघतंय.

२१ ऑगस्ट

सकाळच्या एसटीने ठाण्यात गेले. साहेबांना म्हटलं, दहावं नाव चुकून गेलं, मागे घ्यायचं आहे.

"दिलेली यादी परत नसते मिळत, पाटीलबाई. ती आता सरकारची आहे."

मी तिच्या निवडीचं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "वाईट वाटतं. पण एक काढलं की दहा येतील. गावाचं बघायचं असतं तर सरपंच व्हायचं होतं. तुमच्या आदेशावर शिक्का कोणाचा आहे? तुम्ही आमच्या आहात, गावाच्या नाही."

गेल्या महिन्यात हेच वाक्य कानावर पडलं असतं तर मी पेढे वाटले असते. बाहेर येऊन बाकावर बसले. समोर फलकावर आमच्या ठाण्याचा तक्ता लावलेला होता: प्रतिबंधक कारवाया, गेल्या वर्षीपेक्षा वाढ. त्यात माझे दहा.

२२ ऑगस्ट, पोळा

दुपारी पारावर बैल मिरवून झाले. खापरावरच्या पुरणपोळ्या करून झाल्या. नैवेद्याचं ताट आबांकडे द्यायचं होतं. दर वर्षी हे नेतात. आज मीच नेलं.

आबा ओट्यावर बैलांच्या शिंगांचे गोंडे सोडत बसले होते. मला पाहून रीतीप्रमाणे मान वळवली. मी ताट ठेवलं, पदर डोक्यावर घेतला, आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहून बोलले.

"आबा, मन्हाकडथून चूक व्हयनी."

ते गोंडा सोडत राहिले. मला वाटलं, उठून आत जातील. मग गोंड्याकडेच बघत म्हणाले, "बठ."

मी ओट्याखाली बसले. सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, मेलेल्या माणसांची नावं का देत होतात.

"बेटा, मरेल माणूसवर कसली कारवाई? त्यासले दहा नावं लागतस, मी दहा धाडू. नऊ असा, ज्यासले सरकार धरूच शकत नई. न दहावा मी." त्यांना हसू आलं. "कागदवर एक तरी हजर पायजे ना. मी दर साल तहसीलमा जाऊ, हमीपत्र लिखी देऊ, शहादामा शेव-मुरमुरा खाऊ, न घर येऊ. सव्वीस वरीस मन्हाकडथून शांतताभंग नई व्हयना."

मी हसले आणि मला रडूच कोसळलं. म्हटलं, मला आधी का नाही सांगितलं?

"कसं सांगू? तू मन्हामोरे कधी बोलनी का? व्हवूसंगे बोलानी आपली रीत नई शे." मग म्हणाले, "हेमकांतजोडे सांगनार व्हतू. पन तो सगळासले सांगी देता."

नवनीतचं नाव दिल्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मीच काढलं. तर म्हणाले, "त्यानी कॉलर धरी ते खरंच शे. पन ते मिटनं व्हतं, त्याच दिन. तू फक्त भांडन लिखं, मिटनं ते लिखं नई."

मी म्हटलं, मेलेल्यांची नावं मला पाठवता येणार नाहीत, आबा. ते खोटं आहे, आणि नवे साहेब कागद वाचतात.

"नको धाडू. मन्हाजोडे दुसरी अक्कल नव्हती, तुन्हाजोडे व्हई. एक ध्यानमा ठेव. शिक्का सरकारना शे, पन तुन्हं घर ते गावमा शे ना."

२४ ऑगस्ट, रविवार

विशेष ग्रामसभा. माझ्या सांगण्यावरून सरपंच सुगंधाबाईंनी दवंडी दिली, भिलाटीतही दिली. शाळेच्या पटांगणात एवढी माणसं मी निवडणुकीलाही पाहिली नव्हती.

मी उभी राहिले आणि यादी कारणांसकट वाचायला घेतली. कोणी मला सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं, जे लिहिलं ते तोंडावर वाचायचं. घरी लिहिताना किती भारदस्त वाटत होतं! 'क्रमांक एक, मीनाबाई, हंडा फेकून मारण्याचे तीन प्रसंग.' मागून कोणीतरी ओरडलं, "तीन नई, पाच!" मीनाबाई उठली, "पाचवा हंडा तुन्हाच डोकामा मारेल व्हता ना रे!" पटांगण हसून लोळलं. तीही हसली. क्रमांक तीन ते पाच पत्त्यांवरून भांडणारे तिघं, ते तिघं एकाच चटईवर मांडीला मांडी लावून बसलेले. प्रत्येक कारण मोठ्याने वाचलं की फुग्यासारखं फुस्स होत होतं.

मग दहावं नाव आलं. रंजिता बापाशेजारी बसली होती. ती हसत नव्हती. मी वाचलं. 'माझ्या दिराच्या हळदीत' हे शब्द कागदावर नव्हते, तेही जोडून वाचले.

तेव्हा माझ्या सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "बरंच करं तिनं. मन्हं बी डोकं उठेल व्हतं. पन मी वरमाय, मी कशी वायर उपटू?"

यानंतर जे झालं ते सरकारी नोंदवहीत ठराव म्हणून लिहिलंय, पण इथेही लिहिते, कारण लिहिताना बरं वाटतं. एक, मिरवणुकीच्या शांततेची जबाबदारी गाव घेईल. प्रत्येक आळीतून दोन बाया, दोन गडी. दोन, यापुढे गावातल्या कोणाचं नाव कुठेही पाठवायचं असेल तर आधी ते ग्रामसभेत, त्या माणसासमोर, कारणासकट वाचायचं. तीन, सुनावणीला दहा जण एकटे जाणार नाहीत.

हात वर करा म्हटल्यावर आबांनी केला. माझ्याकडे पाहून केला.

२६ ऑगस्ट, हरतालिका

रात्र झाली आहे, पण आज लिहिलंच पाहिजे.

आज बायकांचा निर्जळ उपास. तरी सकाळी आठला मारुतीपाशी चार ट्रॅक्टर उभे, ट्रॉल्या भरलेल्या. त्रेसष्ट बायका मोजल्या, गडी वेगळे. प्रत्येकीच्या हातात आधार कार्ड. कोणीतरी सांगितलं होतं की जामीन राहायला लागतं. यांनी पहिला ट्रॅक्टर चालवला. वाटेत म्हणाले, "आज मी टपालपेटी नई."

तहसीलदार मॅडम तरुण आहेत. खिडकीतून खाली बघून त्यांनी विचारलं, "मोर्चा आहे का? परवानगी?"

मीनाबाई म्हणाली, "मोर्चा नई ताई, जामीन शेत आम्ही."

ठाणेदार साहेब आलेले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मॅडमनी फाइल उघडली. "या सगळ्या कारवाईला आधार एकच आहे, पोलीस पाटलांचा अहवाल. तो तुम्ही दिला?"

"हो."

"खोटा आहे?"

रात्रभर मी याच प्रश्नाचं उत्तर घोळवत होते. खोटा म्हटलं तर दहा जण सुटतात आणि मी खोटी ठरते. खरा म्हटलं तर रंजिता जाते. म्हटलं, "मॅडम, घटना खऱ्या आहेत. धोका खोटा आहे. भांडणं झाली ती मी लिहिली. मिटली ते लिहिलं नाही. आणि दहावं नाव मी रागाने लिहिलं. ते माझ्या घरचं लग्न होतं."

"हे लेखी देता? तुमच्यावर कारवाई होऊ शकते. पद जाऊ शकतं."

"देते."

आदेश फ्रेम करून भिंतीवर लावलाय, तो डोळ्यांपुढे आला. सही वळणदार आली.

साहेब उठले. "मॅडम, मला वरून आकडा मागतात. सणात काही झालं तर हे गाव जबाबदार राहील का?"

मी ग्रामसभेचा ठराव पुढे केला. आळीवार चव्वेचाळीस नावं, फोन नंबरांसह. साहेबांनी तो वाचला. कारणं वाचणारा माणूस आहे, ठरावही पूर्ण वाचला. मग खाली बसले आणि म्हणाले, "माझी हरकत नाही."

मॅडमनी लिहायला घेतलं. खाली त्रेसष्ट बायका उन्हात, पाण्याचा थेंब न घेता उभ्या. एकीने हरतालिकेचं गाणं सुरू केलं, मग सगळ्यांनी धरलं. शिपाई गप्प करायला निघाला, तर मॅडम म्हणाल्या, "असू दे."

'अहवालाचा आधार उरला नसल्याने दहाही इसमांविरुद्धची कार्यवाही बंद करण्यात येते.' दहाही! त्यांनी मोठ्याने वाचलं. लखन खाली वाकून रडायला लागला. रंजिता कोरडी ठणठणीत उभी होती. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "काकू, तुम्हले उपास शे. ट्रॉलीमा बठा."

परत येताना ट्रॉलीत इतका गोंधळ होता की खरोखर शांतताभंगाची कारवाई व्हायला हवी होती. मी इतकी खूश कधीच नव्हते. सदुसष्ट गुण आले तेव्हाही नाही.

२ सप्टेंबर

सातव्या दिवशीचं विसर्जन. ठाण्यातून फक्त एक हवालदार आला, त्यालाही बायकांनी मोदक खाऊ घालून पारावर बसवलं. मिरवणूक दुपारी तीनला निघाली. गोमाई नदीवर पोचली तेव्हा ऊन होतं, आणि आरती झाली तेव्हाही होतं. वीस वर्षांत एवढ्या लवकर विसर्जन झालं नव्हतं म्हणे. मीनाबाई शिट्टी घेऊन पुढे होती. तिच्या शिट्टीपुढे वाकडं पाऊल टाकायची कोणाची छाती नव्हती. नदीत उतरणाऱ्या पोरांचे कान तिने स्वतः पिळले.

अडीच तासांत दोन भांडणं झाली. दोन्ही नदीवरच मिटली. दोन्ही नोंदवहीत लिहिली, मिटल्यासकट.

संध्याकाळी साहेबांचा फोन. "काही घडलं?"

"नाही साहेब."

"मला आकडा शून्य द्यावा लागणार तुमच्या गावाचा." मग म्हणाले, "तुमच्या त्या ठरावाची एक प्रत पाठवा. बाकीच्या गावांना दाखवीन."

१५ सप्टेंबर

प्रांतसाहेबांचं पत्र. खुलासा मागितला होता, तो दिला होता. आज निकाल: 'यापुढे अहवाल वैयक्तिक भावनेपासून दूर राहून सादर करावा अशी सक्त ताकीद देण्यात येते.' पद राहिलं! हे म्हणाले, आता हीसुद्धा फ्रेम कर. केली. आदेशाच्या शेजारी लावली. ताकीद वाजवीच आहे.

१९ सप्टेंबर

रंजिताच्या पडताळणीसाठी ठाण्यातून शिपाई आला. भिलाटीत न जाता थेट माझ्या ओट्यावर बसला, कारण फॉर्मवर गावच्या पोलीस पाटलाचा जबाब लागतो. उमेदवाराचं वर्तन कसं आहे? तो पेन उघडून बसला.

मी म्हटलं, "थांबा. आमच्या गावात नावं समोरासमोर वाचतात." रंजिताला बोलावलं. तिच्यामागे लखन, लखनमागे निम्मी भिलाटी, भिलाटीमागे आमची आळी. आबाही आले, खुर्ची दिली तर बसले नाहीत.

शिपायाने पुन्हा विचारलं, वर्तन कसं आहे? मी सांगितलं ते त्याने लिहून घेतलं: उमेदवार कोणाच्याही दबावाला न जुमानता योग्य वेळी योग्य ती गोष्ट बंद करते. चुकीचं वाटलं तर तोंडावर विचारते. मोठ्या घराला भीत नाही.

शिपाई म्हणाला, "पाटीलबाई, फॉर्मात एवढी जागा नाही. 'चांगलं' लिहू का?"

सगळे एकदम म्हणाले, "चांगलं!"

१३ ऑक्टोबर

रंजिता आज प्रशिक्षणाला गेली. फाट्यावर एसटी यायला उशीर झाला, म्हणून सगळ्यांचं बोलणं संपलं आणि पुन्हा सुरू झालं. मीनाबाईने तिला भाकरी-ठेच्याचं गाठोडं दिलं, सासूबाईंनी कानात घालायच्या तेलाची बाटली दिली. लखन नुसता बॅग धरून उभा होता, बस दिसली तरी त्याला ती सोडवेना.

ती मला बाजूला घेऊन गेली. म्हणाली, "काकू, माले भ्याव वाटस. कधी तरी माले बी कोनी सांगी, दहा नावं लई ये. शहर ऱ्हाई, वळखनं कोनी नई. तठे मन्हं गाव नई शे. मी कोनले ईचारू?"

एसटी थांबली. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून उभा. मला पुस्तकातलं काहीतरी चांगलं सांगायचं होतं, वेळ नव्हता. मी तिच्याकडे पाहून म्हटलं, "ज्यासनं गाव शे, त्यासले ईचार. न जे तोंडवर वाचता येवाव नई, ते लिखू नको."

तिने मान हलवली, बापाच्या हातातून बॅग घेतली आणि चढली.